दोन नंबरच्या मशीनवरचं कोरं पान

शेटजींनी मला स्पष्ट सांगितलं होतं, ‘‘मॅडम, एकेक मशीन हातानं बदला. बदलली की लिंक उघडून बघा आन् मंगच कागदावर टिक मारा.’’ मी ‘हो’ म्हणाले, आणि केलं वेगळंच.

तेव्हा मी जालन्यात एका खासगी संगणक केंद्रात शिकवत होते. दोन हजार साल उलटून सहा-सात वर्षं झाली असतील. शेटजींचं घराणं तीन पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेलं. खाली त्यांचं बियाण्यांचं दुकान आणि वरच्या मजल्यावर चोवीस मशीन मांडून काढलेलं हे केंद्र. बियाण्यांना लावलेल्या औषधाचा उग्र वास जिन्यातून वर यायचा आणि आमच्या कपड्यांतही बसायचा. शिकायला येणाऱ्यांत निम्मी कॉलेजची मुलं आणि निम्मे सरकारी नोकर असत. संगणकाचं प्रमाणपत्र ठरलेल्या मुदतीत काढलं नाही तर नोकरीत अडचण येणार, असा हुकूम निघाल्यामुळे तलाठी, ग्रामसेवक, शाळामास्तर आमच्या बाकांवर येऊन बसू लागले होते.

त्यांतच एक दिवस माझ्या बाई आल्या.

माझं माहेर कुंभार पिंपळगावचं. तिथल्या शाळेत तिसरी-चौथीला मला या बाई होत्या. शुद्धलेखनाची एक चूक झाली तर तो शब्द पंचवीस वेळा लिहायला लावायच्या. आता त्या पन्नाशीच्या पुढे गेल्या होत्या आणि अजून तिथंच शिकवत होत्या. तीन महिने दर शनिवारी शाळा सुटली की एसटीनं जालन्याला यायच्या, बहिणीकडे मुक्काम करायच्या आणि रविवारचा वर्ग आटोपून परत जायच्या. माझ्यासमोर बसताना त्यांना संकोच वाटला असेल, पण त्यांनी तो दाखवला नाही. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, ‘‘हितं तू बाई आन् मी पोरगी. चुकलं तर बिलकुल सोडू नको.’’

त्यांची एकच खोड जात नव्हती. कशावरही त्या दोनदा क्लिक करायच्या. ‘‘एकदाच, बाई, एकदाच,’’ मी म्हणायचे. त्या मान हलवायच्या आणि पुन्हा दोनदा दाबायच्या.

याआधी दोन वेळा बसून त्या थोडक्यात नापास झाल्या होत्या. त्यांची मुदत त्या महिन्याच्या अखेरीला संपत होती.

परीक्षा रविवारी सकाळी अकराला होती. ती इंटरनेटवरूनच व्हायची. मशीनवर परीक्षेचा एक छोटा प्रोग्रॅम असायचा. त्यात आपला नंबर टाकून ‘सुरू करा’वर क्लिक केलं की प्रश्नपत्रिकेचं पान ब्राउझरमध्ये उघडायचं आणि त्याच क्षणी मुख्य केंद्रात साठ मिनिटांचं घड्याळ चालू व्हायचं. आमच्या मशीनवर ब्राउझर दोन होते, एक जुना आणि एक नवा. नवा चपळ म्हणून शेटजींच्या पुतण्यानं तो सगळीकडे टाकला होता आणि लिंक उघडायचं काम आपोआप त्याच्याकडेच जाईल असं करून ठेवलं होतं. पण परीक्षेचं पान नव्या ब्राउझरमध्ये अर्धवटच दिसायचं. उत्तर देऊन पुढे जायचं बटणच यायचं नाही. सराव परीक्षेत हे लक्षात आलं तेव्हा मुख्य केंद्रानं कळवलं की सगळ्या मशीनवर लिंक जुन्याच ब्राउझरमध्ये उघडली पाहिजे.

म्हणजे शनिवारी दुपारी दोन ते चार या वेळात चोवीस मशीन बदलायच्या होत्या. चारला भारनियमनामुळे लाईट जायची, ती आठशिवाय यायची नाही. आमच्या बॅटऱ्या दहा मिनिटांत कण्हायला लागायच्या. मशीन जुन्या, एक सुरू व्हायलाच पाच मिनिटं घ्यायची. वर तो नवा ब्राउझर उघडला की ‘मलाच कायम ठेवू का?’ असं विचारायचा, आणि कोणी न वाचता ‘हो’ दाबलं की सगळं पहिल्यासारखं व्हायचं. हातानं एकेक करत बसले तर चारच्या आत आठ-दहा मशीन झाल्या असत्या.

मी स्क्रिप्ट, म्हणजे एकदम चालवता येईल अशी हुकमांची फाइल, लिहायची ठरवली. डिप्लोमा करताना काळ्या खिडकीत हुकूम टाइप करायला शिकले होते आणि काही पानांच्या झेरॉक्स जपून ठेवल्या होत्या. कुठली लिंक कुठल्या प्रोग्रॅमनं उघडायची हे संगणकाच्या आत एका ठिकाणी लिहिलेलं असतं. तिथली ओळ बदलायची, एवढंच काम. ओळीत आधी जुन्या ब्राउझरचा पत्ता, आणि शेवटी अवतरणात टक्क्याचं चिन्ह व एकचा आकडा. ज्या पानावर जायचं त्याचा पत्ता संगणक त्या ‘%1’च्या जागी भरतो.

एक नंबरच्या मशीनवर मी ते हुकूम एकेक करून हातानं टाइप केले. लिंक उघडून बघितली. पान जुन्या ब्राउझरमध्ये झटकन आलं. मला इतका आनंद झाला की मी एकटीच हसले. मग तेच हुकूम, तसेच्या तसे, एका फाइलीत लिहिले, फाइल पेन ड्राइव्हवर घेतली आणि दोन नंबरपासून सुरुवात केली. फाइलीवर दोनदा क्लिक करायचं, काळी खिडकी उघडायची, ‘काम यशस्वी झालं’ अशा अर्थाच्या ओळी यायच्या, आणि पुढच्या मशीनवर जायचं. पावणेचारला चोवीसही मशीन झाल्या. लिंक मात्र मी एक नंबर सोडून कुठंच उघडून बघितली नाही. वेळ नव्हता असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला गरजच वाटली नाही. मी कागदावर चोवीस टिका मारल्या. खाली छापलेलं होतं, ‘प्रत्येक मशीनवर लिंक उघडून तपासली आहे.’ त्याखाली सही केली.

शेटजी वर आले, कागद बघितला. ‘‘दोन घंट्यात सगळ्या? बराबर बघितल्या ना?’’

‘‘बघितल्या,’’ मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दहालाच जिना गजबजला. बाई खिडकीपाशी उभ्या राहून छोट्या वहीतलं वाचत होत्या. हिरव्या काठाची इस्त्रीची साडी, हातात रुमाल. मला बघून म्हणाल्या, ‘‘रात्रभर झोप न्हाई मला. चौथीच्या पोरांसारखं झालंय.’’

‘‘येतंय सगळं तुम्हाला, बाई. फक्त एकदाच क्लिक.’’

‘‘एकदाच,’’ त्या स्वतःशीच म्हणाल्या.

पर्यवेक्षक दुसऱ्या तालुक्यातल्या कॉलेजातले प्राध्यापक होते. काटेकोर माणूस. माझी सही असलेला कागद त्यांनी फाइलीत लावला आणि सगळ्यांना बजावलं, ‘‘एकाच वेळी कोणी सुरू करायचं न्हाई. मी नंबर घेईन, त्यानंच क्लिक करायचं. बाकीच्यांनी माउसला हात लावू नका.’’ ती त्यांची पद्धत होती. तिच्यामुळे त्या दिवशी किती लोक वाचले, हे नंतर लक्षात आलं.

एक नंबरवर शहरातला एक तरुण होता. त्यानं क्लिक केलं, प्रश्नपत्रिका उघडली. ‘‘छान,’’ सर म्हणाले. ‘‘दोन नंबर.’’

दोन नंबरवर बाई होत्या.

त्यांनी रुमालानं बोट पुसलं आणि क्लिक केलं. जुना ब्राउझर उघडला. त्यात काहीच नव्हतं. पांढरं, कोरं पान.

बाई थांबल्या. सर थांबले. मी दाराजवळ उभी होते, तिथूनच मला ते पांढरं दिसलं. सरांनी स्वतः वाकून परीक्षेच्या प्रोग्रॅममध्ये पुन्हा ‘सुरू करा’ दाबून बघितलं. उत्तर आलं, ‘आपली परीक्षा सुरू झालेली आहे.’ कोपऱ्यात घड्याळ उलटं चालू लागलेलं दिसत होतं. अठ्ठावन्न मिनिटं आणि काही सेकंद.

‘‘किती वेळा क्लिक केलं?’’ सरांनी विचारलं.

‘‘एकदाच,’’ बाई म्हणाल्या. मग त्यांचा आवाज उतरला. ‘‘एकदाच केलं वाटतं.’’

‘‘वाटतं म्हणजे?’’

‘‘मला दोनदा दाबायची सवय हाय, सर. नकळत झालं आसंल.’’

सरांनी माझ्याकडे बघितलं. ‘‘मॅडम, सवय आहे यांना?’’

मी म्हणाले, ‘‘आहे.’’ ते खरं होतं. पण मी तिथंच थांबायला नको होतं.

सरांनी माझा कागद काढला. दोन नंबरसमोर टिक होती. ‘‘मशीन तपासलेली आहे. एक नंबर बराबर चालून राह्यलाय. म्हणजे मशीनचा दोष न्हाई. परीक्षार्थीनं घाईत दोनदा दाबलं, पान अडकलं.’’ त्यांनी अहवालाचा छापील कागद पुढे ओढला.

‘‘मी बघते,’’ मी म्हणाले आणि दोन नंबरपाशी गेले. ब्राउझर बंद केला, उघडला. पुन्हा कोरं. एक नंबरवर चाललं आणि इथं नाही, असं का? हुकूम तेच. अक्षर न अक्षर तेच. बाई शेजारी खुर्ची सरकवून उभ्या होत्या, दोन्ही हात मागे बांधून, जसं त्या आम्हाला वर्गात उभं करायच्या. कोपऱ्यातलं घड्याळ बावन्नवर आलं, एकावन्नवर आलं. खोलीत बावीस माणसं हात मांडीवर ठेवून गप्प बसली होती, आणि फक्त एक नंबरच्या माउसचा आवाज येत होता.

‘‘माझंच चुकलं,’’ बाई हळूच म्हणाल्या. मला नाही, स्वतःला. ‘‘शंभरदा सांगितल्तं हिनं.’’

त्याच वेळी मला समजायला हवं होतं की आता बोललं पाहिजे. कारण सापडलेलं नसलं, तरी मी मशीन तपासल्या नव्हत्या एवढं तर मला माहीत होतं. पण मी विचार करत राहिले की आत्ता सापडेल, दोन मिनिटांत सापडेल, मग कोणाला काही सांगावंच लागणार नाही. शेटजी दारात येऊन उभे होते. मी त्यांच्याकडे बघत नव्हते.

अठ्ठेचाळीस.

सर अहवालात लिहू लागले. लिहिता लिहिताच मान वर न करता म्हणाले, ‘‘चला, तीन नंबर.’’

तीन नंबरवर भोकरदनकडचा एक ग्रामसेवक होता. त्याचा हात माउसकडे गेला.

‘‘थांबा!’’ मी ओरडले. एवढ्या मोठ्यानं, की एक नंबरवरच्या तरुणानंही मान वर केली. ‘‘हात लावू नका. कोणीच लावू नका. मशीन मी तपासल्या नाहीत.’’

मी बाईंसाठी बोलले असं म्हणायला मला आवडलं असतं. ते पूर्ण खरं नाही. तीन नंबरवरही कोरं पान येणार आणि सगळं उघडं पडणार, हे मला त्या क्षणी दिसलं. दुसऱ्या माणसाचं घड्याळ जळणार, मग तिसऱ्याचं. तेव्हा कुठं माझ्या तोंडातून शब्द निघाले. बाईंची बारा मिनिटं मी तशीच जाऊ दिली होती.

सरांनी पेन खाली ठेवलं. ‘‘सही कोणाची आहे ही?’’

‘‘माझी.’’

‘‘मंग?’’

मी सांगितलं. स्क्रिप्ट लिहिली, एकाच मशीनवर बघितली, बाकीच्यांवर नुसती चालवली, टिका मारल्या. शेटजी दारातून आत आले आणि बाकावर बसले.

बाई माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं होतं त्यांना हायसं वाटेल. त्यांच्या चेहऱ्यावर तसं काहीच नव्हतं.

‘‘आता काय करायचं?’’ सरांनी विचारलं. राग होता, पण त्यांनी तो बाजूला ठेवला. त्याबद्दल मी आजही त्यांना मानते.

‘‘मला दहा मिनिटं द्या.’’

ते मुख्य केंद्राला फोन करायला शेटजींच्या केबिनमध्ये गेले. मी तीन नंबरवर बसले आणि जिथं ती ओळ लिहिली जाते ती जागा उघडली. जुन्या ब्राउझरचा पत्ता होता. त्यापुढे दोन अवतरणं होती आणि त्यांच्यामध्ये काहीच नव्हतं. ‘%1’ गायब झालं होतं.

मी पर्समधून झेरॉक्स काढल्या. तिसऱ्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात टीप होती. हुकूम हातानं टाइप केला तर टक्क्याचं चिन्ह एकदा लिहायचं, पण फाइलीत लिहायचा असेल तर दोनदा. एकदाच लिहिलं तर फाइल ते आपल्यासाठीच आहे असं समजते आणि गिळून टाकते. एक नंबरवर मी हातानं टाइप केलं होतं. बाकी तेवीस ठिकाणी फाइल चालवली होती. लिंकचा पत्ता भरायची जागाच मी पुसून टाकली होती, म्हणून ब्राउझर उघडत होता, पण त्याला जायचं कुठं ते कळत नव्हतं.

फाइल उघडून, त्या दोन-तीन ओळींत जिथं जिथं ते चिन्ह होतं तिथं आणखी एक टक्का घातला. चालवली. मग परीक्षेचा प्रोग्रॅम न उघडता एका साध्या लिंकवर क्लिक केलं. पान आलं.

मी लगेच उठले नाही. ते पान बंद करून पुन्हा उघडलं. मग चार नंबरवर गेले. फाइल चालवायची, लिंक उघडायची, पान बघायचं, बंद करायचं. प्रत्येक मशीनवर. परीक्षार्थी उठून भिंतीला टेकून उभे होते. ग्रामसेवक माझ्या मागे मागे चालत मोठ्यानं मोजत होता, ‘‘नऊ झाली... दहा झाली...’’ कोणी त्याला गप्प केलं नाही. शेवटच्या मशीनवर पान उघडलं तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते.

सर फोनवरून परत आले. बाकीच्या बावीस जणांची घड्याळं सुरूच झाली नव्हती, त्यामुळे त्यांना पूर्ण वेळ मिळणार होता. बाईंचं घड्याळ मात्र मुख्य केंद्रालाही मागं फिरवता येत नव्हतं. त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या. उरलेल्या पंचवीस-सव्वीस मिनिटांत पेपर सोडवायचा, किंवा आजचा पेपर रद्द करून पंधरा दिवसांनी पुन्हा यायचं. ती तारीख महिन्याच्या शेवटच्या रविवारी होती. तेव्हा नापास झाल्या तर मुदत संपलेली.

‘‘बसा, मॅडम,’’ शेटजी बाईंना समजावत म्हणाले. ‘‘जल्दी जल्दी सोडवा. अर्ध्या तासात बी होऊन जातो पेपर.’’

बाईंनी दोन नंबरकडे बघितलं. मग म्हणाल्या, ‘‘न्हाई. मला साठ मिनिटं दिलेली हायेत. मी साठ मिनिटंच घेणार.’’

मग रद्द करण्यासाठी केंद्राचा दोष असल्याचं लेखी हवं होतं. सरांनी मला कोरा कागद दिला. मी शेटजींच्या केबिनमध्ये बसून लिहिलं, ‘संगणकाच्या तयारीत चूक झाली व त्यामुळे परीक्षार्थींची गैरसोय झाली.’ सर वाचणार एवढ्यात बाईंनी हात पुढे केला. ‘‘मला दाव.’’

त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि कागद माझ्यासमोर ठेवला.

‘‘‘चूक झाली’ न्हाई. कोणी केली?’’

मी पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं.

‘‘चौथीत शिकवल्तं तुला. कर्ता कुठंय वाक्यात?’’

मी ते वाक्य खोडलं. बाई म्हणाल्या, ‘‘खाडाखोड नको. नवा कागद घे.’’ मी नव्या कागदावर लिहिलं, ‘मी मशीन तपासल्या नाहीत. तपासल्या अशी खोटी सही मी केली.’ लिहिताना डोळे भरून आले, पण त्यांनी ते बघितलं नाही, किंवा बघून न बघितल्यासारखं केलं.

‘‘आता बराबर,’’ त्या म्हणाल्या.

मी त्यांना एसटी स्टँडपर्यंत सोडायला निघाले. त्यांनी नको म्हटलं नाही. अंबडकडची गाडी लागलेली होती. पायरीवर पाय ठेवून त्या वळल्या.

‘‘मशीन बिघडल्याचा मला राग न्हाई. ते कळतं का तुला?’’

‘‘हो, बाई.’’

‘‘तिथं उभी राहून मी सोताला कोसत होते. म्हातारी झाली, अक्कल गेली, पोरीनं जीव तोडून शिकवलं तरी हात ऐकंना. आन् तू हितं दोन हातांच्या अंतरावर उभी. तुला ठाऊक होतं.’’

गाडी हलली.

शेटजींनी दुसऱ्या दिवशी मला केबिनमध्ये बोलावलं. नोकरी गेली असंच धरून मी गेले होते. ते म्हणाले, ‘‘मॅडम, स्क्रिप्ट लिहिली ते माझ्याशी बोलल्या असत्या तर मी हो म्हटलं असतं. सही का केली?’’ त्यांनी मला परीक्षेच्या कामातून दोन महिने काढलं, वर्ग चालू ठेवले. शिक्षा रास्त होती. पुढे केंद्रात कुठलीही स्क्रिप्ट चालवायची असली की शेवटी ती स्वतःच एक लिंक उघडून दाखवेल अशी ओळ मी घालायला लागले, आणि तरीही प्रत्येक मशीनसमोर बसून डोळ्यांनी बघायचे.

मधल्या शनिवार-रविवारी बाई वर्गाला आल्या. शेवटच्या रांगेत बसल्या. विचारलं तेवढंच बोलल्या. मी त्यांच्याकडून सराव करून घेतला आणि तेव्हा लक्षात आलं की त्या दिवसापासून त्यांची दोनदा क्लिक करायची खोड गेली होती. आता त्या क्लिक करायच्या आधीच थांबायच्या. बोट माउसवर, श्वास रोखलेला, दहा-दहा सेकंद. ते बघणं मला जास्त जड गेलं. ती भीती मी त्यांना दिली होती.

शेवटच्या रविवारी मला आत जायची परवानगी नव्हती. मी खाली दुकानात, बियाण्यांच्या पोत्यांजवळ स्टुलावर बसून राहिले. अकरा वाजले. सव्वाअकरा वाजले. वरून काहीच आवाज आला नाही, तेव्हा निदान पान उघडलंय एवढं कळलं. बारा वाजता लोक उतरायला लागले. बाई सगळ्यांत शेवटी आल्या. निकाल लगेच पडद्यावर यायचा, त्यामुळे त्यांच्या हातात छापील कागद होता. कठड्याला धरून सावकाश उतरल्या आणि कागद माझ्या हातात दिला.

त्या पास झाल्या होत्या. काठावर नाही, चांगल्या.

‘‘पाणी दे,’’ त्या म्हणाल्या. मी दुकानातल्या माठातून तांब्या भरून दिला. उभ्यानंच प्यायल्या, पदरानं तोंड पुसलं.

‘‘साठ मिनिटं पुरली का, बाई?’’

‘‘चार उरली,’’ त्या म्हणाल्या. कागद परत घेऊन त्यांनी तो वहीत सरळ ठेवला, आणि पहिल्यांदाच माझ्या खांद्यावर हात टेकवला. ‘‘चल, स्टँडपर्यंत ये. एकची गाडी चुकली तर मंग तीनशिवाय न्हाई.’’